सातवा पेला

१

"तुम्हाला कधी कुणी मागायला आलं नाही ना वन्सं, म्हणून दुसरीची मागणी डोळ्यांत सलते," असं वस्फिया म्हणाली, तेव्हा भांडण चांगलं अर्ध्यावर आलं होतं.

त्याआधी मी तिला बिनडोक म्हटलं होतं. त्याआधी तिने मला म्हातारचळ लागल्याचं शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. मुळात सुरुवात झाली ती किल्लीवरून. बैठकीची किल्ली तीस वर्षं माझ्या कमरेला आहे, आणि या बाईने गुपचूप कुलूपवाल्याकडून दुसरी करून आणली होती. गुरुवारी दुपारी मी जिना चढून वर येते, तो बैठक सताड उघडी, पडदे धुवायला काढलेले, आणि वस्फिया हातात पेल्यांचं रिकामं तबक घेऊन उभी.

वस्फिया माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. आम्ही दोघींनी एका चुलीवर सेहेचाळीस वर्षं काढली आहेत, तेव्हा कुठे टोचलं की रक्त येतं हे दोघींनाही पाठ आहे. जुमान ही तिची नात, माझ्या भाच्याची, नाइफची मुलगी. शुक्रवारी तिला मागायला जाहा येणार होती, म्हणजे मुलाकडचे तीस-चाळीस वडीलधारे पुरुष. माझं म्हणणं एवढंच होतं की जाहा या बैठकीत बसवायची नाही. अम्मानला नाइफच्या फ्लॅटमध्ये बसवा, भाड्याच्या हॉलमध्ये बसवा, रस्त्यात मांडव घाला. इथे नको.

का नको ते सांगा, असं वस्फिया पुन्हा पुन्हा विचारत होती. आणि तेच मला सांगता येत नव्हतं. जिन्न-भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना मी आयुष्यभर दारातून हाकललं आहे. त्याच तोंडाने काय सांगणार होते?

आज शनिवार. तिसऱ्या प्रहरच्या बांगेपर्यंत माझ्याकडे वेळ आहे, आणि तेवढ्यात हे लिहून होईल. बैठकीची फरशी गार आहे, पायांत काही नाही, पण उठवत नाही. आजोबांचा जुना फोटो समोर भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्यात सात पेले आहेत आणि सातवा रिकामा आहे. एवढं लक्षात ठेवा.

२

आमचे आजोबा हाज मुफलेह मनुकांचे व्यापारी. आमच्या सल्त गावच्या मनुका त्यांच्या गोण्यांतून नाबलूसला, जेरुसलेमला, दमास्कसला जात. टेकडीच्या अंगावरचं हे पिवळ्या दगडाचं घर त्याच मनुकांनी उभं केलं. खाली गोदाम, मधल्या मजल्यावर आम्ही, आणि सगळ्यांत वर बैठक. बैठकीत बायकांनी जायचं ते झाडायला आणि पुसायला.

१९२६ साली, मनुकांचा हंगाम आटोपल्यावर, आजोबांनी जेरुसलेमहून एक आर्मेनियन फोटोवाला बोलावला. मधे आजोबा बसले. दोन्ही बाजूंना त्यांचे दोन भाऊ. मग तीन मित्र. एक नाबलूसचा कापडवाला, एक वाळवंटातला शेख, ज्याच्याकडून आम्ही तूप घ्यायचो, आणि एक गावातला ख्रिस्ती औषधवाला, ज्याच्याशी आजोबा रोज भांडत आणि रोज जेवत. हे सहा झाले. सातवा दाराजवळ, गादीच्या खालच्या टोकाला.

फोटोच्या मागे आजोबांच्या अक्षरात सहा नावं आहेत. सातव्या जागी लिहिलं आहे, "आणि पाहुणे".

नाव नाही, कारण कुणी विचारलं नाही. भावांना वाटलं, हा कापडवाल्याबरोबर आला. कापडवाल्याला वाटलं, शेखचा माणूस. शेखला वाटलं, गावातलाच कुणी. आमच्याकडे पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव-काम विचारत नाहीत. विचारणं म्हणजे घरात घेऊन हात धरून बाहेर काढण्यासारखं आहे. तीन दिवस झाल्यावर आजोबा विचारायला गेले, तर जागा रिकामी होती.

दिसायला कसा, असं लोक मला विचारतात. काही नाही हो, माणसासारखा माणूस. काळा झगा, हात गुडघ्यांवर, नखं स्वच्छ. वय सांगता येत नाही. बाकीचे सहा जण काठी गिळल्यासारखे समोर बघत आहेत. याची मान तेवढी दाराकडे वळलेली आहे. दार वीतभर उघडं आहे, आणि फटीत झग्याचा काठ आणि एका अनवाणी पायाची बोटं दिसतात. ती माझी आत्या फिद्दा. तेव्हा चौदा वर्षांची होती.

गेली तीस वर्षं दर गुरुवारी दुपारी मी बैठक उघडते. आधी झाडते, मग गाद्यांवरची धूळ काढते, मग फोटोची काच व्हिनेगरच्या पाण्याने पुसून जुन्या वर्तमानपत्राने कोरडी करते. पुसायच्या आधी ते वर्तमानपत्र वाचून काढते. मी अक्षरं शिकले ती अशीच, कुणी शिकवली नाहीत.

३

आता पेल्यांचं सांगते, कारण सगळं तिथे अडकलं आहे.

कडू कॉफीचा पेला आमच्याकडे एकच असतो. वाढणारा तो एकाला देतो, तो पितो, पेला हलवून परत करतो, मग त्यातच दुसऱ्याला. ज्याला काही मागायचं आहे, तो पीत नाही. तो पेला समोर खाली ठेवतो आणि गप्प बसतो. सगळी बैठक गप्प होते. मग यजमानाने विचारायचं, काय काम आणलंत? काम ऐकून, पटलं तर म्हणायचं, कॉफी घ्या, दिली. मुलगी असेल तर मुलगी, रक्ताची माफी असेल तर माफी. तो पेला उचलला गेला की शब्द पडला. मग सूर्य इकडचा तिकडे झाला तरी तो मागे येत नाही. आणि खाली ठेवलेल्या पेल्याला कुणी विचारलंच नाही, असं आमच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं.

त्या दिवशी झालं. आजोबांनी दमास्कसहून नवे पेले आणले होते, सोन्याच्या कडेचे, सात. फोटोत ते दिसायला हवेत ही त्यांची हौस. म्हणून एकच पेला फिरवायचा सोडून प्रत्येकाला वेगळा दिला. आणि फोटोवाला म्हणाला, हात हलले तर चित्र फिसकटेल, पेले खाली ठेवा.

सातही जणांनी पेले खाली ठेवले.

मग फोटो निघाला. सगळे हसले, खोकले, पाय मोकळे केले, पेले उचलून प्यायले. हे मला आजीने सांगितलं. ती त्या फोटोत नाही, पण पेले तिनेच धुतले. ती म्हणायची, सहा पेले रिकामे आले आणि एक काठोकाठ भरलेला. तिने आजोबांना विचारलं, हा कुणाचा? आजोबा म्हणाले, असेल कुणी वेलची न आवडणारा. आजीने ती कॉफी मोरीत ओतली. मरेपर्यंत तिला ते खुपत होतं. म्हणायची, बाई, मी त्याची मागणी मोरीत ओतली.

फोटो किंचित उंचावरून काढलेला आहे, त्यामुळे पेल्यांत काय आहे ते दिसतं. सहा पेल्यांत कॉफी अर्धीमुर्धी. सातवा काळाभोर, वरपर्यंत. मी पन्नास वर्षं तो तसाच पाहिला आहे.

४

चार वर्षांनी फिद्दाआत्याला मागणी आली. जाहा याच बैठकीत बसली. त्यांच्या म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला, आजोबांनी काम विचारलं, आणि म्हणाले, "कॉफी घ्या, दिली." तिसऱ्या दिवशी, दुपारच्या आणि तिसऱ्या प्रहरच्या बांगेच्या मधे, फिद्दाआत्या घरात नव्हती. तिच्या सपाता वर बैठकीच्या उंबरठ्याशी होत्या, टाचा जिन्याकडे आणि बोटं आत. बैठकीला दुसरं दार नाही, खिडक्यांना गज आहेत. घरच्यांनी मोरीच्या नळीपासून जेरिकोच्या रस्त्यापर्यंत सगळं पाहिलं आणि मग जगाला सांगितलं की ती तापाने गेली. आपसांत म्हणत, पळाली.

हे ऐकीव. पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. माझी थोरली बहीण मुन्तहा एकोणीस वर्षांची होती, मी पंधराची. तिची जाहा आली ती एका मंगळवारी. दाराआड उभं राहून आम्ही दोघी ऐकत होतो. वडिलांनी "कॉफी घ्या, दिली" म्हटलं आणि मुन्तहाने माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली. ती आनंदाने दाबतेय असंच मला वाटलं. नंतर ती हळूच म्हणाली, "झरीफा, खालच्या टोकाला बसलेत त्यांच्यासमोर पण पेला आहे. त्यांना कुणी का विचारत नाही?"

मी फटीतून पाहिलं होतं. खालच्या टोकाला कुणी नव्हतं.

गुरुवारी दुपारी आई झोपली होती आणि मी खाली मनुका निवडत होते. वरून आवाज आला. पेला फरशीवर टेकवल्याचा, टक् एवढाच. मग काही नाही. मी वर गेले तेव्हा मुन्तहाच्या सपाता उंबरठ्याशी होत्या, बोटं आत.

त्यानंतर मी वडिलांना सांगून टाकलं की माझ्यासाठी या घरात कुणी पेला खाली ठेवायचा नाही. दोनदा लोक यायला निघाले होते. दोन्हीदा मी निरोप पाठवून वाटेतून परतवले. मला कुणी मागितलं नाही हे वस्फियाचं म्हणणं म्हणून खरं आहे. मी मागूच दिलं नाही.

नाइफच्या बहिणीचं ठरलं ते अम्मानला, भाड्याच्या हॉलमध्ये. ती आज चार मुलांची आई आहे आणि जाडजूड आहे. हे मी वस्फियाला भांडणात सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे हॉलमध्ये मुली जाड होतात, एवढंच ना तुमचं म्हणणं?"

५

मी अडाणी नाही. दोन मुली नाहीशा झाल्या, याला शंभर कारणं असू शकतात, आणि त्यातलं प्रत्येक कारण मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं आहे. मुन्तहाचं कुणावर मन असेल. फिद्दाआत्याला विहिरीने ओढलं असेल. सपाता आईने नीट ठेवल्या असतील. फोटो हा कागद आहे, त्याच्यावर चांदीचं मीठ लावलेलं असतं असं वर्तमानपत्रात आलं होतं.

हे सगळं मान्य करून मी गेल्या हिवाळ्यापर्यंत नीट जगले.

मग जुमानच्या लग्नाचं बोलणं निघालं. त्या मुलाकडच्यांना जुनी घरं आवडतात. हल्ली सगळ्यांनाच आवडतात, परदेशी लोक येऊन आमच्या जिन्यांचे फोटो काढतात. जाहा खापरपणजोबांच्या बैठकीतच हवी, असं त्यांचं आणि जुमानचं ठरलं. त्याच आठवड्यात, गुरुवारी, काच पुसताना मला सातव्या पेल्यावर एक पांढरट रेघ दिसली. वाटलं, डाग. व्हिनेगर लावलं, गेली नाही. वाटलं, बुरशी, आतून आली असेल. पुढच्या गुरुवारी रेघ जरा लांब होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी वरच्या टोकाला वाकली होती.

मी रोज सकाळी कॉफी करते. वाफ कशी वाकते हे मला कुणी शिकवायला नको.

बैठकीची खालच्या टोकाची गादी मी नवीन खोळीने मढवली, कडक इस्त्री करून, आणि कुलूप लावलं. आठवड्याने उघडलं तर खोळीला एक माणूस बसावा एवढा खळगा. मी म्हटलं, मांजर. मग समोर फरशीवर बोट फिरवलं. पेल्याच्या बुडाएवढं ओलं कडं होतं. बोट नाकाला लावलं. वेलची.

मांजर वेलचीची कॉफी पीत नाही. पण मी म्हटलं, वस्फिया येऊन बसत असेल. तेव्हा तिच्याकडे किल्ली नव्हती.

मग जुमानने निमंत्रणाची कार्डं आणली. तिने तो फोटो कुठल्याशा यंत्रावर मोठा करून कार्डाच्या तोंडावर छापला होता. मला दाखवायला ती मांडीवर बसल्यासारखी बिलगून बसली. पोरगी लाघवी आहे, औषधशास्त्र शिकते, आणि या घरात मला "आत्याआजी, तुम्ही आज काय वाचलंत" असं विचारणारी तीच एक. मी चार कार्डं शेजारी शेजारी मांडली. पहिल्यावर वाफ डावीकडे. दुसऱ्यावर सरळ. तिसऱ्यावर सरळ, पण आखूड. चौथ्यावर पेल्यापासून सुटून वर गेलेली.

"छापखान्याचा गोंधळ," जुमान म्हणाली. "शाई सारखी लागली नाही. सांगते त्यांना."

"सांग," मी म्हटलं. आणि दोनशे कार्डं त्याच रात्री गेली.

त्या दिवसापासून मी भांडायला सुरुवात केली. मला आधी जुमानशी बोलायला हवं होतं, हे आता कळतं. पण तिला काय सांगायचं? की तुझ्या खापरपणजोबांच्या घरात एक माणूस शहाऐंशी वर्षं उत्तराची वाट बघत बसला आहे, आणि त्याच्यासमोर दुसऱ्याला मुलगी दिलेली त्याला सोसत नाही? तिने माझा रक्तदाब मोजला असता.

६

तर गुरुवार. भांडण.

वस्फिया तबक घेऊन उभी होती ती उद्याची रंगीत तालीम करायला. जुमानला उद्या तसाच फोटो हवा होता, त्याच जागी, त्याच पेल्यांचा. आजोबांचे सात पेले वस्फियाने कपाटातून काढले होते, आणि किटलीतून कॉफी ओतून फोटोत आहेत तसे गाद्यांसमोर मांडून ठेवले होते. मी आत आले तेव्हा शेवटचा ठेवून ती उभी राहत होती. खालच्या टोकाचा.

"तो तिथे का?" मी विचारलं.

"फोटोत आहे म्हणून," ती म्हणाली.

मग ते पेटलं. किल्ली, म्हातारचळ, बिनडोक, आणि मग ते वाक्य, तुम्हाला कधी कुणी मागायला आलं नाही ना. ते लागलं. मी गप्प बसले की वस्फियाला भीती वाटते. म्हणून ती आणखी बोलत गेली. तुम्ही माझ्या लेकीचं ठरतानाही तोंड वाकडं केलं होतं. तुम्ही माझ्या नवऱ्याला या बैठकीत एकटं बसू दिलं नाहीत. या घरात मरायची वेळ आली तरी किल्ली तुमच्याच कमरेला. तिचं सगळं खरं होतं. मी खालच्या टोकाच्या पेल्याकडे बघत होते.

अर्धा तास झाला असेल. सहा पेल्यांतली कॉफी निवून तिच्यावर साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा आला होता. सातव्यातून वाफ निघत होती, डावीकडे वाकून.

मी वाकले आणि पेल्यावर हात धरला. हाताला चटका बसला.

"वस्फिया," मी म्हटलं, "इकडे ये. हात धर."

ती पुटपुटत आली. हात धरला. मग तिने दुसऱ्या पेल्यावर धरला, मग तिसऱ्यावर, आणि पुन्हा या पेल्यावर. तिचं पुटपुटणं थांबलं. तरी ती वस्फियाच. "ऊन पडतंय त्याच्यावर," ती म्हणाली. ऊन समोरच्या भिंतीवर होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जुमान नवीन पांढऱ्या सपाता दाखवायला वर येत होती. जिन्यातूनच हसत म्हणाली की तुमचं भांडण खाली गोदामापर्यंत ऐकू येतंय, दोघींना उद्या कुलुपात ठेवणार आहे. मग ती दारात आली आणि बोलणं अर्ध्यावर सोडून उभी राहिली.

बैठकीत आम्ही दोघी म्हाताऱ्या होतो. या मुलीला आम्ही दोघींनी न्हाऊ घातलं आहे, आमच्यासमोर ती ओल्या केसांनी फिरते. तिने खालच्या टोकाकडे पाहिलं, नजर खाली वळवली, आणि ओढणी कपाळावर पुढे ओढली. परक्या पुरुषासमोर मुलगी ओढते तशी, रीतीने, न घाबरता. मग उंबरठ्याशी एका पायाने दुसऱ्या पायातली सपाता काढली. मग दुसरी. वाकून दोन्ही नीट लावल्या. बोटं आत.

"जुमान, आत यायचं नाही," मी म्हटलं.

"पाहुणे बसलेत, आत्याआजी," ती हलक्या आवाजात म्हणाली. जणू मीच काही रीत मोडत होते. "त्यांना कुणी विचारलं का?"

मी तेव्हा पाहिलं. एकदाच, आणि तेही खाली. गुडघ्यावर ठेवलेला एक हात होता. नखं स्वच्छ. काळ्या झग्याची घडी, आणि गादी त्या वजनाने दबलेली. त्यावर मी नजर नेली नाही. आपल्या घरी आलेल्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघत नाहीत. आणि खरं सांगायचं तर माझी हिंमत झाली नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

मग मला जे कळलं ते फार साधं होतं. आमच्या तीन पिढ्यांच्या पुरुषांना ते कळलं नाही, कारण पेले त्यांनी कधी धुतले नाहीत. फिद्दाआत्या त्याने नेली, मुन्तहा नेली, आणि तरी पेला भरलेलाच राहिला. म्हणजे त्याला मिळालं नव्हतं. घेणं वेगळं आणि दिलेलं वेगळं. पेला खाली ठेवून बसलेल्या माणसाला दिलेलं हवं असतं. जोवर या घरातलं कुणी तोंडाने देत नाही, तोवर तो बसून राहणार. आणि ही बैठक उद्या बंद ठेवली, फोटो जाळला, जाहा अम्मानला नेली, तरी जुमानने त्याला पाहिलं होतं, आणि तिचा एक पाय उंबरठ्याच्या आत होता.

वस्फियाने तिचा दंड धरला होता. ती ओढत होती आणि जुमान हलत नव्हती. वस्फिया रडत होती, आणि रडता रडताही माझ्यावरच ओरडत होती की काहीतरी करा वन्सं, तुम्हीच आणलंत हे बोलून बोलून, तुम्हीच मिटवा.

मी बैठकीच्या मधोमध गेले. आजोबांच्या जागेवर. त्या गादीवर माझी आजी बसली नाही, आई बसली नाही, झाडतानाही आम्ही तिला बाजूने वळसा घालतो. मी तिच्यावर मांडी घालून बसले. कमरेची किल्ली काढून फरशीवर ठेवली. माझ्या सपाता पायांतच होत्या. त्या काढून उंबरठ्याच्या दिशेने सरकवल्या, त्या घसरत जुमानच्या सपातांच्या शेजारी जाऊन थांबल्या.

वस्फियाचं रडणं थांबलं. ती माझ्याकडे बघायला लागली. सेहेचाळीस वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. तिला कळलं. भांडकुदळ असली तरी ती या घरची सून आहे, पेला खाली ठेवण्याचा अर्थ तिला ठाऊक आहे. "नको, वन्सं," ती म्हणाली. "मी मघाशी म्हटलं ते... मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तू खरंच बोललीस," मी तिला म्हटलं. "त्यातूनच मला सुचलं."

खालच्या टोकाला वाफ सरळ झाली होती. कुणी श्वास रोखून धरावा तशी. मी फरशीकडे बघत, आजोबांनी ज्या स्वरात म्हणायला हवं होतं त्या स्वरात, मुलाकडचे चाळीस पुरुष समोर बसले असते तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं इतक्या स्पष्टपणे म्हटलं, "पाहुणे, कॉफी घ्या, या घरातली एक मुलगी कुणी मागितलीच नव्हती, ती तुम्हाला दिली."